आवरण आणि दर्शन

चैत्र लागला म्हणजे खानदेशांतून सप्तशृंगीच्या गडाकडे निघालेल्या पायी यात्रेकरूंची रीघ मालेगांव, देवळा, कळवण या वाटेनें सुरू होते. देवळा हें एरव्हीं बाजाराचें आणि कांद्याचें गांव; १९९९ पासून तें तालुक्याचें ठाणेंही झालें आहे. परंतु वर्षांतले हे आठपंधरा दिवस गडाच्या वाटेवरील गांव एवढीच त्याची ओळख उरते. पहाटेच्या गारव्यांत चालावें, ऊन तापलें कीं झाडाखालीं किंवा कोणी घातलेल्या मांडवांत टेकावें, गांवकऱ्यांनीं पुढें केलेलें पाणी प्यावें, आणि दिवस कलला कीं पुन्हां चालूं लागावें, असा या लोकांचा क्रम असतो. सातमाळ्याचे डोंगर त्यांना वाटभर सोबत करतात. ज्या देवीसाठीं ते चालतात ती मात्र दिसत नाहीं. ती दिसते शेवटच्या दिवशीं, उमाबाई दाभाडे यांनीं १७१० सालीं बांधविल्या म्हणून सांगतात त्या साडेचारशेंहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर, कड्याच्या पोटांतील मंदिरांत, आणि तीही मागच्या माणसाचा रेटा येईपर्यंत.

इतक्या श्रमानें मिळालेल्या त्या क्षणांत यात्रेकरू काय पाहतो, हा प्रश्न वरवर भाबडा वाटेल. तो देवी पाहतो, हें उत्तर कोणीही देईल. परंतु १८८३ सालीं प्रसिद्ध झालेलें नाशिक जिल्ह्याचें गॅझेटियर उघडावें. तेथें या मूर्तीचें वर्णन आहे: जिवंत खडकांतच उठावानें कोरलेली, सुमारें आठ फूट उंच, अठरा हातांची, आणि तांबड्या रंगानें माखलेली. म्हणजे ज्यानें हें वर्णन लिहिलें त्यालाही दगड दिसला नव्हता. दिसला होता तो शेंदूर. त्याच्या आधींच्या अनेक पिढ्यांना शेंदूरच दिसला आणि त्याच्या नंतरच्या पिढ्यांनाही २०२२ पर्यंत तोच दिसला. मग या सर्वांना दर्शन घडलें कीं नाहीं? आवरण हें दर्शनाच्या आड येतें, असें आजच्या शिकलेल्या मनाला सहज वाटतें. ज्यांनीं या मूर्ती घडविल्या आणि पूजिल्या त्यांना तसें वाटत नव्हतें. त्यांचा विचार काय होता हें समजून घेतल्यावांचून जुन्या मूर्तींचा इतिहास अर्धाच वाचला जातो.

गडासमोर मार्कंडेयाचा डोंगर आहे. मार्कंडेय ऋषि तेथें बसून देवीचें माहात्म्य सांगतात आणि देवी मान किंचित् कलती करून तें ऐकते, अशी या भागांतील समजूत आहे. मूर्तीच्या मानेच्या कलाचा अर्थ लोकांनीं असा लावला आहे. देवीमाहात्म्य हें मार्कंडेय पुराणाचा भाग असल्यानें या समजुतीला ग्रंथाचाही आधार मिळतो. परंतु मार्कंडेयाचें नांव आणखी एका ग्रंथाशीं निगडित आहे, आणि त्याची आठवण गडावर फारशी कोणी करीत नाहीं. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत वज्र नांवाचा राजा प्रश्न विचारतो आणि मार्कंडेय उत्तरें देतो. हा ग्रंथ साधारणपणें सातव्या शतकाच्या आसपासचा धरतात. चित्र आणि मूर्ति कशी करावी याचें इतकें जुनें आणि तपशीलवार विवेचन दुसरीकडे क्वचितच आढळतें. वज्र राजाची शंका अगदीं साधी आहे. जें रूप, रस, गंध यांच्या पलीकडचें म्हणतात त्याची मूर्ति करावयाची कशी? मार्कंडेय शंका उडवून लावीत नाहीं. परमात्म्याचीं दोन रूपें आहेत, असें तो सांगतो. एक प्रकृति, तें दिसत नाहीं. दुसरें विकृति, तें आकार धरून दिसतें. पूजा आणि ध्यान हीं साकाराच्याच आधारें शक्य होतात.

येथें विकृति या शब्दाचा व्यवहारांतला अर्थ बाजूस ठेवावा लागतो. बिघाड असा त्याचा अर्थ येथें नाहीं. मूळ स्थितींतून झालेला पालट, एवढाच आहे. पण या एका शब्दानें मूर्तीकडे पाहण्याची सगळी दृष्टिच बदलते. मूर्ति जितकी उघडी तितका देव उघडा, हा हिशेब येथें लागू पडत नाहीं. दगडांत कोरलेलें रूपही पालटलेलेंच रूप. त्यावर चढविलेलें वस्त्र हा त्याच पालटाचा पुढचा पदर. जें मुळांत दिसतच नाहीं तें झांकणार कोण?

वेदान्तांत आवरण हा मायेचा दोष मानला आहे. तें वस्तूचें खरें स्वरूप लपवितें. देवघरांत मात्र वस्त्र हें सोळा उपचारांपैकीं एक आहे. पंडितानें सकाळीं पाठशाळेंत ज्या आवरणाचा निरास करावयाचा, तेंच दुपारीं देवाला नेसवावयाचें, आणि दोन्हींत त्याला विसंगति वाटत नसे. ऐतरेय उपनिषदांत देवांच्या परोक्षप्रियतेचा विचार आला आहे, त्याचाही येथें संबंध पोहोंचतो. देवळाची बांधणीच पाहा. उघड्या प्रांगणांतून सभामंडपांत, तेथून अंतराळांत, आणि तेथून खिडकी नसलेल्या गाभाऱ्यांत, अशी पावलागणिक प्रकाश कमी करीत नेणारी ही रचना आहे. पाहण्याच्या सोयीसाठीं कोणी घर बांधता तर तें असें खासच बांधता ना. त्र्यंबकेश्वरीं तर शाळुंकेंत उंच लिंगाऐवजीं खळगा आहे आणि त्यांत अंगठ्याएवढीं तीन लिंगें. एरव्हीं जें लोक उभें पाहतात तें तेथें खोल गेलेलें. दुरून येणाऱ्याला तें आरशांत पाहावें लागतें.

उलट बाजूनेंही हाच विचार दिसतो. मूर्तीचे डोळे शेवटीं उघडावयाचे, हा नेत्रोन्मीलनाचा संस्कार सर्व परंपरांत जपलेला आहे. सिंहलद्वीपांतील कारागीर बुद्धमूर्तीचे डोळे आरशांत पाहून रंगवीत आणि काम संपल्यावर त्यांना डोळे बांधून बाहेर नेत, असें आनंद कुमारस्वामी यांनीं १९०८ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. माणसानें मूर्ति पाहावयाची, ही अर्धीच गोष्ट झाली. मूर्तीनें माणसाला पाहावयाचें, ही दुसरी अर्धी. म्हणूनच शेंदरानें नाक, ओंठ, बोटें बुजून गेलीं तरी आपल्याकडील पुजारी डोळे मात्र कधीं बुजूं देत नाहींत. धातूचे किंवा रंगविलेले डोळे प्रत्येक लेपावर पुन्हां बसविले जातात.

शेंदूर हा शिशापासून होणारा तांबडा पदार्थ. तो तेलांत कालवून लावतात, आणि लेपावर लेप चढून त्याचें दगडासारखें कठीण कवच बनतें. आपल्या गांवोगांवच्या मारुतीला, म्हसोबाला, वेशीवरच्या तांदळ्याला हाच लेप. तांदळा म्हणजे कांहीं न कोरलेला गोटा. शेतांत पडलेल्या शंभर गोट्यांत तो कोणाला ओळखूं यावयाचा नाहीं. त्याला शेंदूर फांसला कीं तो देव म्हणून दिसूं लागतो. येथें आवरणानें कांहीं लपविलें नाहीं, उलट दाखविलें. खानदेशांत आणि त्याला लागून असलेल्या कळवण, सटाणा, मालेगांव, देवळा या पट्ट्यांत श्रावणांत कानबाई बसवितात तेव्हां हेंच अधिक कोंवळ्या रीतीनें घडतें. नारळाला डोळे, नथ, वस्त्रालंकार घालून देवी सजवावयाची, रात्रभर गाणीं म्हणत तिच्यापुढें जागावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं वाजतगाजत पाण्यावर न्यावयाची. एका रात्रीपुरती ती सर्वांना दिसते. वर्षाचे उरलेले दिवस ती कोठें असते, असें त्या बायांना विचारलें तर त्या हसतील.

शेंदराचें कवच कधीं कधीं आपण होऊन गळून पडतें. त्याला खोळ पडणें असें म्हणतात. मोरगांवच्या मयूरेश्वराची खोळ १७८८ मध्यें आणि पुन्हां १८२२ मध्यें पडल्याचें सांगतात. त्याच मोरगांवीं अशीही परंपरा आहे कीं, जी मूर्ति दिसते ती खरी मूळची नव्हेच; मूळची लहान मूर्ति तिच्या मागें झांकलेली आहे. ती कोणी पाहत नाहीं, पाहण्याची मागणीही करीत नाहीं. दिसणारी मूर्ति पूजेला पुरते.

हें झालें श्रद्धेनें घातलेलें आवरण. भीतीनें घातलेलीं आवरणेंही महाराष्ट्राच्या इतिहासांत थोडीं नाहींत. मोगलाईच्या धामधुमींत मूर्ती विहिरींत, डोहांत, पुजाऱ्यांच्या घरांतल्या कोनाड्यांत गेल्या. कोल्हापूरची महालक्ष्मी दीर्घकाळ एका घरांत लपवून ठेवलेली होती आणि १७१५ सालीं छत्रपति संभाजी महाराजांच्या कारकिर्दींत ती पुन्हां देवळांत बसविण्यांत आली. पंढरपुरास मंदिराच्या दुरुस्तीच्या कामांत मे २०२४ च्या अखेरीस फरशीखालील तळघरांत कांहीं जुन्या मूर्ती सांपडल्या, तेव्हां सगळ्या महाराष्ट्रानें ती बातमी उत्सुकतेनें वाचली. नाशिकला पांडवलेण्यांत आणखी निराळा प्रकार पाहावयास मिळतो. तेथें नहपानाच्या जांवयानें, उषवदातानें, भिक्षूंना दिलेल्या विहाराच्या मागच्या भिंतीवर स्तूपाचें शिल्प होतें. पुढील काळांत त्याच दगडांतून भैरवाची मूर्ति काढण्यांत आली. जवळच्याच तिसऱ्या लेण्यांत तसला स्तूप शाबूत आहे म्हणून दहाव्या लेण्यांत काय होतें हें कळतें. शेंदूर खरवडतां येतो, तळघर उघडतां येतें. छिन्नीनें झांकलेलें मात्र परत मिळत नाहीं. एका देवानें दुसऱ्याला झांकलें, आणि झांकणाऱ्यांनीं तें पुण्यकर्म म्हणून केलें.

पण नाशिकचाच आणखी एक दाखला घेतल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं, कारण तेथें मूर्तीवर आवरण नव्हतें. आवरण दारावर होतें. काळारामाची मूर्ति गोदावरींतल्या रामकुंडांत सांपडली अशी आख्यायिका आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरदार रंगराव ओढेकर यांनीं तिच्यासाठीं काळ्या पाषाणाचें मंदिर उभारलें. पाण्यांतून वर आलेला हा राम पिढ्यानुपिढ्या ज्यांना दिसूं दिला गेला नाहीं, ते २ मार्च १९३० रोजीं हजारोंच्या संख्येनें मंदिरासमोर आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे नेते होते. दादासाहेब गायकवाड हे स्थानिक धुरीण. मंदिराचे दरवाजे बंद झाले आणि सत्याग्रही दरवाजांसमोर बसून राहिले. त्या वर्षींच्या रामनवमीच्या उत्सवांत, ९ एप्रिलला, रथ ओढण्यावरून दंगल झाली, दगडफेक झाली. सत्याग्रह रेंगाळत वर्षानुवर्षें चालला. दार उघडलें नाहीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवल्यास बाबासाहेबांनीं हिंदु म्हणून न मरण्याची घोषणा केली.

मूर्ति डोळ्यांनीं पाहण्याची तहान हा त्या लढ्याचा गाभा नव्हता, माणूस म्हणून बरोबरीचें स्थान हा गाभा होता, ही बाबासाहेबांची भूमिका सर्वश्रुत आहे. तरीही दर्शनाच्या तत्त्वज्ञानाला या घटनेनें विचारलेला प्रश्न टळत नाहीं. प्रकृति अदृश्य आहे, विकृति सर्वांच्या ध्यानासाठीं आहे, असें ज्या परंपरेनें हजार वर्षांपूर्वींच लिहून ठेवलें, तिनें ती विकृतिही कांहींच्या डोळ्यांना नाकारावी कशी? मूर्तिशास्त्राच्या पोथींत याचें उत्तर नाहीं. तें गांवगाड्यांत शोधावें लागतें. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरास उपोषण केलें तेव्हां विठ्ठलाचें दार उघडलें, आणि त्याच वर्षीं मुंबई प्रांतांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. देवळांतले अंधार आणि पडदे यांचें कौतुक करणाऱ्यानें हीं सालें जवळ ठेवावीं. अंधार सर्वांना सारखाच असेल तरच त्याला गूढ म्हणावें.

आतां पुन्हां गडाकडे. जुलै २०२२ मध्यें सप्तशृंगीच्या गाभाऱ्यांतील दर्शन बंद ठेवून मूर्तीच्या जतनाचें काम हातीं घेण्यांत आलें. हजार किलोंहून अधिक वजनाचें शेंदराचें कवच उतरविण्यांत आलें, आणि त्याखालीं दगडांतली कोरणी दिसूं लागली. अठरा हातांची मांडणी, चेहऱ्याची ठेवण हीं जिवंत माणसांपैकीं कोणी पूर्वीं पाहिलेलीं नव्हतीं. २६ सप्टेंबर २०२२ ला, घटस्थापनेच्या दिवशीं, मंदिर पुन्हां खुलें झालें. देवीचें मूळ रूप प्रकट झालें, असा शब्द सर्वतोमुखीं झाला.

हा मूळ शब्द जपून वापरावयास हवा. ज्या कारागिरानें खडकांतून ही मूर्ति काढली त्याच्या हातचें रूप मिळालें, हें खरें. आणि इतका मोठा भार दगडावर राहूं देणें इष्ट नव्हतें, हेंही मान्य करावें लागेल. परंतु तें कवच म्हणजे निव्वळ मळ नव्हता. एका पिढीचा हात दुसऱ्या पिढीच्या हातावर पडत तें जमलें होतें. दुष्काळांत, पटकीच्या सांथींत, पूर्ण झालेल्या नवसाच्या आनंदांत लावलेला शेंदूर त्यांत थरावर थर होऊन बसला होता. ज्या म्हाताऱ्या बाईनें आयुष्यभर दर चैत्रांत एकच मुख पाहिलें, तिला तें तिचें मूळ रूप नव्हतें काय? देवळा-कळवणच्या घरोघरच्या जुन्या तसबिरींत तेंच मोठ्या डोळ्यांचें शेंदरी मुख आहे, आणि नवें छायाचित्र आणून शेजारीं लावलें तरी जुनी तसबीर खालीं उतरविण्यास घरांतलीं माणसें राजी होत नाहींत, यांत नवल नाहीं.

इतर देशांनाही हा पेंच पडलेला आहे. जपानांत नारा येथील होर्यूजी मठांत सातव्या शतकांतील अवलोकितेश्वराची एक लांकडी मूर्ति कापडांत गुंडाळून बंद ठेवलेली होती. १८८४ मध्यें फेनोलोसा हा अमेरिकन पंडित आणि ओकाकुरा हा त्याचा जपानी सहकारी सरकारी हुकूम घेऊन तेथें गेले. मूर्ति उघडली तर भूकंप होईल म्हणून भिक्षु घाबरले होते. सुमारें पांचशें यार्ड कापड उलगडल्यावर आंतून जी मूर्ति निघाली तिच्यावरचा सोन्याचा मुलामा झळाळत होता. कोणी पाहिली नाहीं म्हणूनच ती टिकली होती. आतांही तेथील मठ ती मूर्ति वर्षांतून दोनदांच, वसंतांत आणि शरदांत, कांहीं दिवस दाखवितो. रशियांत रुब्लेव्ह या पंधराव्या शतकांतील चित्रकाराचें त्रिमूर्तीचें प्रसिद्ध चित्र सोन्याच्या पत्र्याखालीं झांकलेलें होतें. उघडे होते ते फक्त चेहरे आणि हात, तेही जुन्या तेलानें काळवंडलेले. १९०४ मध्यें पत्रा काढून रंग साफ केले तेव्हां आंतला निळा आणि सोनेरी रंग पाहून जाणते लोक थक्क झाले. तरीही मठानें तें चित्र पुन्हां पत्र्याखालीं घातलें. तें कायमचें उघडें झालें तें १९१८ नंतर, राज्यक्रांति होऊन गेल्यावर. जाणत्यांना रंग हवे होते, मठाला पत्रा हवा होता, आणि शेवटीं ज्याच्या हातीं सत्ता आली त्याचें म्हणणें खरें ठरलें. आपल्या गडावर निदान असा झगडा झाला नाहीं. जेथें पूजा चालूं आहे तेथें उतरविलेल्या शेंदराची जागा नवा शेंदूर घेणारच. मात्र कवच उतरवितांना प्रत्येक थराची नोंद, छायाचित्र, थोडासा नमुना ठेवणें हें पुढच्या पिढीचें देणें आहे. दगड तिला पाहतां येईल, पण आजीनें पाहिलेलें मुख तिला दुसरीकडून मिळणार नाहीं.

गडावर आणखी एक चाल आहे. कड्याच्या वर, जेथें चढण्याची वाट दिसत नाहीं अशा शिखरावर, वर्षांतून दोनदां देवीचा ध्वज लागतो: चैत्री पौर्णिमेच्या आदल्या रात्रीं आणि नवरात्रांत नवमीच्या रात्रीं. तो लावण्याचा मान पायथ्याच्या दरेगांवच्या गवळी घराण्याचा. दिवसा ध्वजाची मिरवणूक निघते, हजारों लोक त्याला हात लावतात. मग अंधार पडल्यावर एक माणूस तो घेऊन कड्यावर निघून जातो. तो कोणत्या वाटेनें चढतो, कोठें पाय ठेवतो, हें कोणी पाहत नाहीं. खालीं मैदानांत खानदेशची माणसें घोंगड्या पांघरून पडलेलीं असतात. पहाटे कोणीतरी मान वर करून पाहतें, आणि शेजारच्याला उठवून वरच्या फडक्याकडे बोट दाखवितें.